बुखारेस्टला पोहोचल्याबद्दल हार्दिक अभिनंदन

आमच्या युरोप सायकल दौऱ्यातलं सगळ्यात मोठं भांडण ‘बुडापेस्ट’ अशी पाटी दिसल्यावर झालं. त्याआधी चार देश झाले होते, पंक्चरं झाली होती, पाऊस झाला होता. एकदा तर आमचा अख्खा ताफा ऑस्ट्रियातल्या एका लग्नाच्या फोटोत शिरून नवरीच्या मागून पसार झाला होता. पण तेव्हाही एवढा आवाज कुणी चढवला नव्हता. वादाचा मुद्दा साधा होता : दौरा संपला की नाही?

“संपला,” सीए म्हणाले. त्यांनी सायकल त्या पाटीलाच टेकवली आणि गवतात मांडी घातली. “व्हिसाच्या अर्जात बुडापेस्ट, विम्यात बुडापेस्ट, इथे पाटीवर बुडापेस्ट. यापुढे जे चालवाल ते ऐच्छिक.”

“ही नुसती शहराची हद्द आहे,” लीडर म्हणाले. “शेवाळवाडीच्या नाक्यावर उभं राहून कुणी शनिवारवाडा बघितला म्हणतं का?”

इंजिनियरांनी मनगट वर केलं. घड्याळात सहाशे नव्वदच्या पुढचा काहीतरी अडनिडा आकडा होता. “सातशे झाल्याशिवाय मी उतरणार नाही. सातशेला लोक लाइक करतात. सहाशे त्र्याण्णवला कोण विचारतं?”

वहिनींच्या मते फोटो निघाला की दौरा संपतो, आणि त्यासाठी पुण्याहून आणलेला फ्लेक्स अजून उघडायचा होता. ताईंचं म्हणणं, “हॉटेलच्या खोलीला आतून कडी लागली, की संपला.” मी गप्प होतो. माझा दौरा पहिल्या शंभर किलोमीटरनंतर लिंझलाच संपला होता. तिथून पुढे आलो तो परतीचं विमान बुडापेस्टहून होतं म्हणून.

या सगळ्या गोंधळात डॉक्टर आपल्यात नाहीत हे कुणाच्या लक्षातच आलं नाही.

आमचा गट मुळात रविवारचा. पहाटे पाचला निघायचं, खडकवासल्याला जायचं, जाळलेल्या कॅलरी कांदाभज्यांच्या रूपाने व्याजासकट परत घ्यायच्या आणि घरी येऊन झोपायचं, असा आमचा क्रीडाप्रकार. त्यातून युरोप निघाला तो लीडरांच्या एका प्रेझेंटेशनमुळे. जर्मनीतल्या पासाऊपासून डॅन्यूबच्या काठाकाठाने ऑस्ट्रिया, स्लोव्हाकिया आणि हंगेरीत बुडापेस्ट. “नदी डोंगराकडून समुद्राकडे जाते,” लेसरचा लाल ठिपका नकाशावर फिरवत ते म्हणाले, “आपण नदीबरोबर जायचं. म्हणजे सगळा उतार.” लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी तर उतार आहे म्हणून नवीन ब्रेक बसवून घ्यायच्या विचारात होतो.

हिशेब इंजिनियरांनी केला, पण विमानात बसल्यावर. पासाऊ समुद्रसपाटीपासून साधारण तीनशे मीटर उंच, बुडापेस्ट शंभर. मधे पावणेसहाशे किलोमीटर नदी. म्हणजे दर किलोमीटरला उतार दीड वीत. दीड वितीवर माझ्या वजनाचा माणूस आपोआप घरंगळत जात नाही. तो जागच्या जागी उभा राहतो आणि मग हळूच एका बाजूला कलंडतो. पासाऊला तीन नद्या एकत्र येतात : काळसर इल्झ, हिरवट इन आणि मधली डॅन्यूब. तिथल्या टोकावर उभं राहून रंग वेगवेगळे ओळखायचे असतात. आमच्यापैकी चौघांनी ते ओळखले. मी सायकलची सीट खाली-वर करून बघत होतो, कारण कुठल्याच उंचीवर ती माझी वाटत नव्हती.

वाऱ्याचंही तेच. माहितीपुस्तिकेत लिहिलं होतं की वारा बहुतेक वेळा पश्चिमेकडून येतो, म्हणून शहाणे लोक पश्चिमेकडून पूर्वेकडे सायकल मारतात. पण पुस्तिका जर्मन होती आणि वारा स्लोव्हाक. ब्रातिस्लाव्हाच्या पुढे नदीच्या बांधावर वळण नाही, झाड नाही, आडोसा नाही. तिथे तो समोरून जो सुरू झाला तो संध्याकाळी आम्ही खोलीवर पोचल्यावरच थांबला.

त्यात नदीचं मोजमाप उलटं. डॅन्यूबचा शून्य किलोमीटर काळ्या समुद्राशी, सुलिनाला. आकडे तिथून उगमाकडे वाढत जातात. त्यामुळे पासाऊला काठावरच्या पाट्यांवर सव्वादोन हजारांच्या आसपासचे आकडे दिसतात आणि पुढे जावं तसे कमी होत जातात. ताईंचा समज झाला की एवढे किलोमीटर आपले राहिलेत. दोन दिवस त्या कुणाशी बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांनी मुलाला फोन केला : “दोन हजार राहिलेत रे अजून. लॉकरची किल्ली गहू ठेवतो त्या डब्यात आहे.”

या वाटेवर तुमचा मान ठेवत नाहीत त्या ऑस्ट्रियन आज्या. वय पंचाहत्तरच्या पुढे, पुढच्या टोपलीत कुत्रा, मागे भाजी. मागून मंजूळ घंटी वाजते, ‘ग्रूस गॉट’ असा प्रेमळ आवाज येतो आणि आजी दिसेनाशा होतात. लीडर लगेच धीर देत, “बॅटरी आहे. बॅटरीवाली सायकल आहे.” एकदा एक आजी पुढच्या बाकावर पाणी पीत बसलेल्या सापडल्या. लीडरांनी त्यांच्या सायकलला प्रदक्षिणा घातली, खाली वाकून बघितलं, नळीवर टिचक्या मारल्या. बॅटरी कुठेच नव्हती.

“आतल्या आत असेल,” ते म्हणाले आणि संध्याकाळपर्यंत सगळ्यांच्या पुढे सायकल मारत राहिले.

प्रेक्षणीय स्थळांच्या बाबतीत आम्ही चोखंदळ होतो. मेल्कचा मठ पाहायला डोंगर चढावा लागतो असं कळल्यावर तो खालूनही छान दिसतो यावर एकमत झालं. ड्यूर्नस्टाइनला इंग्लंडचा राजा रिचर्ड 1192 साली कैदेत पडला होता. तो किल्ला त्याहून उंच, तेव्हा “त्याला नेलं असेल, आपल्याला कुणी नेत नाही” म्हणून सोडून दिला. मात्र ग्राइन नावाच्या चिमुकल्या गावात आम्ही दुपार घालवली. तिथलं नाट्यगृह 1791 सालचं. खुर्च्यांना कुलपं, म्हणजे वर्गणीदाराची खुर्ची दुसऱ्याने बळकवायला नको. आणि प्रेक्षागृहातच एका बाजूला, नुसत्या पडद्याआड, शौचालय. गरज पडली तरी नाटक बुडत नाही. मराठी नाट्यरसिकाचे दोन सनातन विषय, जागा धरणं आणि स्वच्छतागृह, या लोकांनी एकाच दालनात सोडवलेले पाहून आमचा ऊर भरून आला. सीएंनी पडदा तीनदा सरकवून बघितला. “पण आवाजाचं काय?” हा ताईंचा प्रश्न गाइडला भाषांतर करून सांगायची कुणाची हिंमत झाली नाही.

शिस्तीत आम्ही एकदाच चाललो. व्हिएन्ना सोडून ब्रातिस्लाव्हाकडे जाताना लोबाऊचा पाणथळ जंगलाचा पट्टा लागतो. तिथे नदीच्या फाट्यांवर लोक ऊन खायला येतात आणि काही जागी अंगावर काहीही न ठेवता येतात. रीतसर, पाट्या लावून. एरवी आमचा ताफा रस्ताभर पसरलेला असे. त्या दोन किलोमीटरांत तो एका रेषेत, समान अंतर ठेवून, माना ताठ, नजर पुढच्याच्या मागच्या दिव्यावर, असा चालला की प्रजासत्ताक दिनाच्या संचलनात खपला असता. खड्डा आला की हाताने खूण करायचा आमचा नियम. लीडरांनी त्या दिवशी कुठल्याही दिशेला हात केला नाही. वहिनी मात्र मोठ्याने सूचना देत होत्या : “सरळ बघा! सरळ!” डॉक्टर थोडे मागे राहिले. पुढे थांब्यावर त्यांनी सांगितलं की या हवामानात ड जीवनसत्त्वाची कमतरता असते, सबब हे सगळं वैद्यकीय आहे.

डॉक्टर मागे राहणारेच. हे वाक्य लक्षात ठेवा.

खाण्याचं काय विचारू नका. ऑस्ट्रियात वाखाऊच्या खोऱ्यात जर्दाळूच्या बागा. तिथे जर्दाळूचे मोदकाएवढे गोळे, जर्दाळूचा मुरंबा, जर्दाळूची दारू, असे दोन दिवस बरे गेले. स्लोव्हाकियापासून शाकाहारी माणसाला एकच पदार्थ मिळतो : तळलेलं चीज. चीजचा चौकोन, त्याला पावाचा चुरा, तेलात तळून, शेजारी बटाटे, वर टार्टर सॉस. गंमत म्हणून पहिल्यांदा खाल्लं. पुढे हॉटेलात शिरून ताईंनी नुसतं “व्हेज” म्हटलं तरी आतून तेल तापल्याचा आवाज यायचा. हंगेरीत बदल म्हणून लांगोश मिळाला, म्हणजे जाड तळलेली पुरी, तिच्यावर आंबट साय आणि त्याच्यावर किसलेलं, आता तळलेलं नसलेलं, चीज. मेतकूट संपलं त्या रात्री वहिनींनी रिकामी पिशवी उलटी करून हुंगली आणि ती घडी घालून परत ठेवली.

हंगेरीत शिरलो तो श्तुरोवो आणि एस्तेरगोम यांच्यामधल्या पुलावरून. हा पूल 1944 साली उडवून दिला होता, तो पुन्हा उभा राहिला 2001 साली. सत्तावन्न वर्षं! वाटेत भेटलेले सगळे यावर हळहळत. आम्ही पुणेकर, आम्हाला त्यात विशेष काही वाटलं नाही.

आणि मग शेवटचा दिवस. वाट्सहून नावेने नदी ओलांडली, सेंतेन्द्रेच्या गल्ल्यांत आइस्क्रीम खाल्लं आणि तिथेच खरी परीक्षा सुरू झाली. सेंतेन्द्रेहून बुडापेस्टला एक लोकल जाते. हिरव्या रंगाची. ती थेट शहराच्या मध्यात, बॉत्त्यानी तेर चौकात, नदीच्या काठाशी सोडते. शेवटचे वीसेक किलोमीटर ही लोकल आपल्या आसपासच असते. आपण मुळांनी उचकटलेल्या डांबरावर हाडं खिळखिळी करून घेत असतो आणि शेजारून ती हलकेच निघून जाते. आत माणसं बसलेली. पाठ टेकून. सायकलींनाही तिच्यात जागा असते, तिकीट काढलं की झालं.

“कुणीही तिकडे बघायचं नाही,” लीडर म्हणाले. लोबाऊनंतर न बघण्याचा हा दुसरा हुकूम.

तर पाटीपाशी वाद पेटला होता. शेवटी लीडरांनी तोडगा काढला. साखळी पुलाच्या बुडाकडच्या टोकाला, क्लार्क आदाम चौकात, हंगेरीच्या रस्त्यांचा शून्य मैलाचा दगड आहे. तिथून सगळ्या देशाची अंतरं मोजतात. शून्यापाशी संपवायचं, कुणाला आक्षेप नको. सीए उठले. तेवढ्यात डॉक्टर नाहीत हे उघड झालं.

“तुम्ही व्हा पुढे,” लीडर गंभीरपणे म्हणाले. “मी त्यांना घेऊन येतो. लीडरने शेवटीच असायचं असतं.”

आम्हाला भरून आलं. आम्ही निघालो आणि पाच मिनिटांत आभाळही भरून आलं. मग जे कोसळलं ते मार्गरेट पुलापर्यंत. संसद भवन पलीकडच्या काठावर होतं म्हणतात. मला पुढच्याच्या मडगार्डवरून उडणारं पाणी दिसत होतं, तेही चष्म्याच्या एकाच काचेतून. क्लार्क आदाम चौकात पोचलो तेव्हा पाऊस नुकताच थांबला होता, बुटांतून कारंजी निघत होती, आणि शून्याच्या आकाराच्या त्या तीन मीटर उंच दगडाला टेकून डॉक्टर उभे होते. कोरडे. केस विंचरलेले.

“उशीर झाला तुम्हाला,” ते म्हणाले.

“तुम्ही मागे होतात ना?”

“नदीकाठचा एक शॉर्टकट आहे.”

“आम्ही नदीकाठानेच आलो.”

“दुसरा नदीकाठ.”

पुढे काही विचारायच्या आत त्यांनी आम्हाला समोरचा बोगदा दाखवला आणि बुडापेस्टचा जुना विनोद सांगितला, की पाऊस आला की साखळी पूल गंजू नये म्हणून या बोगद्यात ढकलून ठेवतात. सीए म्हणाले, “तुम्हालाही त्यातच ठेवलं होतं का?”

बऱ्याच वेळाने लीडर आले. सावकाश, थकलेले, रेनकोट गळ्यापर्यंत बंद. सगळ्यांना सुखरूप पोचवून शेवटी येणारा माणूस म्हणून ताईंनी त्यांच्यासाठी टाळ्या वाजवल्या. त्यांच्या मिशीला काहीतरी तपकिरी लागलं होतं.

“चिखल,” ते म्हणाले आणि जिभेने पुसला.

दौरा संपला असं जाहीर करणार तोच इंजिनियर दिसेनात. शोधायची गरज पडली नाही. चौकात वाहतुकीचं बेट आहे आणि ते बेटाभोवती फिरत होते. सातशेला काहीशे मीटर कमी पडत होते. एका बसने त्यांना वाट दिली. तीच बस पूल ओलांडून परत आली तेव्हाही ते तिथेच होते, म्हणून ड्रायव्हरने हात जोडल्यासारखं काहीतरी केलं. पुलाच्या तोंडाशी दगडी सिंह बसले आहेत. शिल्पकार त्यांना जिभा द्यायला विसरला अशी दंतकथा आहे. वहिनींनी एकदा त्या सिंहांकडे आणि एकदा आमच्याकडे पाहिलं. “सुखी असतील,” त्या म्हणाल्या.

मग फ्लेक्स. सहा फूट बाय चार, पासाऊपासून माझ्या कॅरिअरवर, कारण “तुझं वजन आहेच, त्यात काय फरक पडतो.” वर आमचे फोटो, खाली शुभेच्छुकांचे त्याहून मोठे फोटो, आणि परदेशात कळावं म्हणून मथळा मराठीबरोबर रोमन लिपीतही. दोघांनी धरला, वहिनींनी फोटो काढला आणि तिथल्या तिथे सोसायटीच्या ग्रुपवर पाठवला. शेजारी एक डच जोडपं सायकलींवर सामान बांधत होतं. सत्तरीचं असावं. बाकी काय, बॅटरी नव्हतीच.

“कुठून?” आजोबांनी विचारलं.

“पासाऊ!” आम्ही एका सुरात.

“छान. आम्ही सुलिनाला चाललोय. समुद्रापर्यंत. अजून सोळाशे किलोमीटर नदी आहे.” मग फ्लेक्सकडे बघत ते काळजीने म्हणाले, “तुम्हाला मात्र वाटेत नदी सोडावी लागेल. बुखारेस्ट काठावर नाही. साठेक किलोमीटर आत वळायचं.”

आम्ही सगळे फ्लेक्सच्या पुढच्या बाजूला आलो. ‘पासाऊ ते बुखारेस्ट : पुणेकरांची युरोपवर सायकलस्वारी’. दोन्ही लिप्यांत, अजिबात चूक न करता, बुखारेस्ट. छपाईआधी मजकूर ग्रुपवर आला होता. सगळ्यांनी अंगठे दाखवले होते. ताईंनी तर दोन.

दुसरा फोटो फ्लेक्स दुमडून घेतला. मथळ्याचा भाग आत गेला आणि उरले फक्त शुभेच्छुक, ज्यांच्यातल्या एकानेही शाळा सुटल्यापासून सायकलला हात लावला नसेल. पण पहिला फोटो जायचा तो गेलाच होता. खिशातले मोबाइल थरथरू लागले. ‘बुखारेस्टला पोहोचल्याबद्दल हार्दिक अभिनंदन!’ ‘रोमानिया सर केला, धन्य!’ चेअरमन साहेबांनी तर नकाशावर अंतर मोजून ‘पुढच्या रविवारी सत्कार’ असं जाहीर केलं. लीडरांनी दुरुस्ती टाइप करायला घेतली. ‘आम्ही बुडापे’ इथपर्यंत आले. मग नव्या अभिनंदनांकडे पाहिलं, टाइप केलेलं पुसलं आणि हात जोडल्याचं चित्र टाकलं.

सत्काराला शाल, श्रीफळ आणि बाकरवडी होती. प्रास्ताविकात आमच्या नावावर रोमानियाच नव्हे तर वाटेतला सर्बियाही जमा झाला. प्रश्नोत्तरांत एका आजोबांनी विचारलं, “एवढी सायकलच मारायची होती तर मुळशी काय वाईट होती?” दुसऱ्याने विचारलं, “ड्रॅक्युलाचा किल्ला बघितलात का?”

“बाहेरून,” लीडर म्हणाले.

आता राहिला हिशेब. सीएंनी सगळ्यांना घरी बोलावलं, कॉफी दिली आणि टीव्हीवर एक्सेलची शीट लावली. युरोचे रुपये, फोरिंटचे युरो, नावेची भाडी, सामायिक पंक्चरं, वैयक्तिक पंक्चरं. ज्याने त्याने आपापला खर्च त्यात भरला होता. ओळी सरकत होत्या, आम्ही माना डोलावत होतो. शेवटून दुसऱ्या ओळीवर बाण थांबला.

“बेकाशमेद्येर ते बॉत्त्यानी तेर, लोकल,” सीए वाचू लागले. “भरणारे : डॉक्टर. प्रकार : सामायिक.”

“प्रवासखर्च सामायिकच ठरला होता,” डॉक्टर शांतपणे म्हणाले. “खिशातून गेलेत माझ्या.”

“माणसं दोन. सायकली दोन.”

कॉफीचे कप बशीत ठेवल्याचे आवाज झाले. लीडर घाईने उठले. “किरकोळ आकड्यांवर किती वेळ घालवायचा? मी सुचवतो, हिशेब आहे तसा मंजूर करावा.”

“अनुमोदन,” डॉक्टर म्हणाले.

वहिनी नवऱ्याच्या मिशीकडे बघत होत्या. सीएंनी चष्मा सारखा केला आणि बाण एक ओळ खाली नेला.

“आणि हा चॉकलेट केक, बॉत्त्यानी तेर, दोन प्लेट. हा सामायिकात धरायचा की वैयक्तिकात?”